मटेरियल पसंत हाय

प्रियदर्शनीला पोरगा बघताक्षणी आवडला, आणि तिथंच घोळ झाला! मिरजेच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारी ही बया आजवर प्रत्येक स्थळाला नाक मुरडत आलेली. आज मात्र बघायला आलेल्या जयराजच्या हातात पोह्यांची बशी देताना तिनं मनातल्या मनात हात जोडले. देवा, हे जमू दे!

तेवढ्यात त्याच्या वडिलांचा, हंबीररावांचा फोन वाजला. पलटणीतून निवृत्त झालेला गडी, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नाही. ते अंगणात गेले, आवाज मात्र घरातच राहिला.

"सिद्धू, मटेरियल बघितलं. रंगानं काळं हाय रं, वय बी लय झालंय. पन आतनं घट्ट हाय. घासूनपुसून घेतलं की कुनाला कळतंय!"

प्रियदर्शनी सावळी, त्यात तिशी ओलांडलेली. घरात सगळ्यांना वाटलं, हे तिच्याबद्दलच! जयराजचा चेहरा पांढराफटक पडला. आईनं पदर खोचला, "माज्या लेकीला मटेरियल म्हंतोय? उठा पावनं!"

प्रियदर्शनी संतापून अंगणात धावली. "काका, मटेरियल कुणाला म्हणालात?"

"लाकडाला!" हंबीरराव गोंधळले. "उंब्रजला घर बांधतोय न्हवं! येताना हितल्या वखारीत जुनं सागवान बघितलं, चौकटीसाठी. सिद्धू आमचा सुतार."

तिचा राग कुठल्या कुठं पळाला. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि अंगातली मास्तरीण जागी झाली. "अहो, लॅटिनमध्ये हा शब्द आधी लाकडाचाच! झाडाचं खोड, घर बांधायचं लाकूड. मग कुठलाही माल, कापडसुद्धा. आणि जाणकार म्हणतात, त्याच्या मुळाशी आई आहे. आपली माता, त्यांची माटेर. खोड म्हणजे फांद्यांची आईच की! सगळी मिरज खडी-सिमेंटला मटेरियल म्हणते. शब्द बरोबर वापरलात ते तुम्हीच, मामा!"

दारात आलेल्या आईनं तोंडाला पदर लावला. आत्तापर्यंत काका होते. मामा म्हणायचं ते सासऱ्याला!

प्रियदर्शनीनं जीभ चावली, पण सुटलेला शब्द माघारी येतोय होय! हंबीररावांच्या मिशा थरथरल्या. त्यांच्या हातातला फोन अजून चालूच होता.

"दादा, आवं बोला की," पलीकडून सिद्धू ओरडत होता, "मटेरियल पसंत हाय का न्हाई?"

प्रियदर्शनीनं आईमागं उभ्या असलेल्या जयराजकडं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि फोनकडं वाकून म्हणाली, "पसंत हाय!"