दोघांची वर्गणी

परदेशातला तो फ्लॅट डॉक्टरांनी बायकोच्या हट्टापायी घेतला होता. वर्षातले चार महिने समुद्राकाठी राहायचं, एवढंच तिचं मागणं. डॉक्टर दातांचे. जन्मभर लोकांच्या तोंडात डोकावले, पण घरच्या व्यवहारात त्यांनी कधी नाक खुपसलं नाही. बँकेचं खातं त्यांच्या नावावर, कारभार सगळा तिचा.

मागच्या वर्षी मायदेशी असताना ती गेली. यंदा डॉक्टर फ्लॅट विकायला एकटेच आले. बघतात तर इथल्या खात्याला गळती लागलेली! कुणीतरी त्यांच्या खात्यातून आपली विजेची आणि फोनची बिलं खुशाल भरत होतं.

त्या देशात खात्याचा नंबर कळला की कंपन्या परस्पर पैसे ओढून घेत, आणि मालकाने हरकत घेतली की बँक ते मुकाट्याने परत आणी. खिडकीवरच्या मुलीने यादी पुढे सरकवली.

"जे तुमचं नाही त्यावर फुली मारा. पण नीट आठवून हं, आजोबा."

आठवणार काय, कपाळ? डॉक्टरांचं डोकं आधीच फिरलेलं. जे नाव ओळखीचं वाटेना त्यावर त्यांनी फुली मारली. शेवटच्या नावाशी मुलगी अडखळली.

"हे मात्र कधीपासून जातंय. दर महिन्याला."

"मग तो जुना चोर," म्हणत डॉक्टरांनी त्यावरही फुली ओढली आणि खाली झोकात सही ठोकली.

खरं सांगायचं तर त्यानंतरचे दिवस त्यांचे बरे गेले. पैशांच्या चौकशीला गेलं की बँकेत रोज खुर्ची मिळे, पाणी मिळे, कुणीतरी आजोबा म्हणे. मायदेशाहून लेकीचा फोन आला, "बाबा, तिथे बोलायला कोणी आहे का?" तर म्हणाले, "आहे की. बँक आहे."

पैसे परत आले आणि तेही संपलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारी भेटला. त्याला चोरीची हकीकत सांगायला डॉक्टरांनी तोंड उघडलं, तोवर त्याचा मजला आला. रिकाम्या घरात त्यांना फार एकटं वाटलं. पैसे इतक्या लवकर परत यायला नको होते, असंही एकदा मनात येऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी दारावरची बेल वाजली. रबरी चपला घातलेला एक जाडजूड माणूस ओशाळून उभा होता.

"मी कोपऱ्यावरच्या पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक. बँक म्हणते, आम्ही तुमचे पैसे चोरले. बाई रागावल्यात का आमच्यावर?"

बाई म्हणजे ती. रोज सकाळी ती टॉवेल खांद्यावर टाकून निघायची. "येताय?" म्हणायची. हे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "उद्या." तिने कधी तगादा लावला नाही.

"वर्गणी दोघांची होती," व्यवस्थापक म्हणाला. "मी विचारायचो, साहेब तर येत नाहीत, मग कशाला भरता? तर म्हणायच्या, लाजतो तो, पण येईल. त्याचं कपाट राखून ठेवा."

तिने त्यांच्यासाठी चालू ठेवलेली ती एकच गोष्ट उरली होती, आणि डॉक्टरांनी त्या वर्गणीलाच चोरी ठरवलं होतं. वर सही करून.

ते त्याच्यामागून तलावावर गेले. दोन कपाटं शेजारीशेजारी. एकात तिची निळी टोपी, वापरून सैल झालेली. दुसऱ्यात तसलीच एक मोठी, किमतीच्या चिठ्ठीसकट.

"बाई कधी येणार?" व्यवस्थापकाने विचारलं.

या भाषेत डॉक्टरांना बिलांचे आणि तक्रारीचे शब्द येत होते. हे सांगायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"ती नाही येणार," ते म्हणाले. "कधीच नाही."

त्या माणसाला कळायला जरा वेळ लागला. मग तो बाकावर बसला आणि डॉक्टरांनाही त्याने हाताला धरून शेजारी बसवलं.

"मग दोन्ही बंद करू?" त्याने हळूच विचारलं.

"एक," डॉक्टर म्हणाले. मोठ्या टोपीची चिठ्ठी ते नखाने काढू लागले. चिठ्ठी काही निघेना.

"उद्या," त्यांनी विचारलं, "किती वाजता उघडता?"