वेदरकूमची पश्चिमेची भिंत

नोव्हेंबरची सकाळ. इंग्लंडमधल्या डेव्हनच्या लाल टेकड्यांवर धुकं असं ठाण मांडून बसलेलं, की उठायचं नाव नाही. ऊन होतं म्हणायला. पण फिकं, पाणचट, ताकाच्या निवळीसारखं. त्या म्लान, मंद, मुमूर्षू प्रकाशात वेदरकूमचं शेतघर उभं होतं. गवताचं जाड छप्पर कपाळावर ओढून, पश्चिमेच्या पावसाला एक खांदा देऊन, चारशे वर्षं ते असंच उभं होतं.

मृण्मय घर ते! दगडाचं जोतं, आणि त्यावर दोन हात जाडीच्या भिंती. लाल माती, गव्हाचं काड, शेण, पाणी. बैलांनी तुडवलेलं, माणसांनी थापलेलं. एक थर घालायचा, वाळेतो थांबायचं, मग दुसरा. घाई केली तर भिंत बसते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. चार भिंती उभ्या राहायला दोन उन्हाळे लागले होते.

मधोमध आरपार बोळ. बोळाच्या एका अंगाला माणसं, दुसऱ्या अंगाला गुरं. गुरांच्या श्वासाची ऊब माणसांना, माणसांच्या बोलण्याची सोबत गुरांना. पुढे घराच्या मालकांपैकी, ट्रेमलेट घराण्यातल्या कुणी धुराडं बांधलं. त्याच्या नातवाने ओकच्या तुळयांवर माळा चढवून निजायच्या खोल्या काढल्या. गुरं गोठ्यात गेली, माणसं वर गेली. घर मात्र कुणावर रुसलं नाही.

भिंतींना कान असतात म्हणतात. या भिंतींना फुप्फुसं होती. पावसात त्या पाणी प्यायच्या, उन्हात सोडून द्यायच्या. दर मे महिन्यात घरातली झाडून सगळी माणसं चुन्याच्या बादल्या घेऊन बाहेर पडत आणि भिंती पांढऱ्या करत. पिढ्यांवर पिढ्या, चुन्यावर चुना. शुभ्र, सच्छिद्र, श्वासशील. हे काम कधी चुकलं नव्हतं.

चुकवलं ते शेवटच्या ट्रेमलेटने. अँब्रोज त्याचं नाव. आता अडुसष्टीचा, मितभाषी, मनाचा मऊ माणूस. पोरंबाळं नाहीत, होती ती बायको, हेस्टर. बारा वर्षांपूर्वी तिच्या छातीने दुखणं धरलं, खोकला सुटेना. वरच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीशी तिचा पलंग, आणि त्या भिंतीला ओल. अँब्रोजने शहरातून सिमेंटची पोती आणली, चुना खरवडला आणि बाहेरून सबंध भिंतीला स्वतःच्या हाताने गिलावा केला. करडा, कठीण, काळजीपूर्वक. बायकोसाठी एवढं कोण करतं, असं गाव म्हणालं. हेस्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझा वारा अडवलाय त्याने."

वारा अडला, तसा श्वासही अडला. केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जाई. बाहेर यायला वाट नसे. ओल वाढे, खोकला वाढे. खोकला वाढला की अँब्रोज आणखी सिमेंट कालवी. रोग म्हशीला आणि औषध पखालीला! पण प्रेमाने आंधळ्या झालेल्याला हे सांगणार कोण?

सांगितलं ते जेथ्रोने. छप्पर शाकारणारा हा जुना दोस्त त्या सकाळी शिडी लावायला आला, आणि शिडी टेकवताना थांबला. गिलाव्यावर बोटाने टकटक केली. पोकळ आवाज आला. जोत्यापाशी करड्या कवचाला आडवी चीर गेली होती आणि तिच्यातून लाल चिखल झिरपत होता.

"अँब्रोज," तो हळूच म्हणाला, "आत भिंत उरलेली नाही रे. लापशी झालीय. तुझ्या सिमेंटने नुसती धरून ठेवलीय. मी गाडी नेऊन टेकू आणतो. तोवर हेस्टरला खाली घे. आत्ता, या घटकेला."

अँब्रोजने त्या चिरेवर तळहात ठेवला. बारा वर्षं तो बायकोला ऊब देत होता की तिच्या उशाशी मरण लिंपत होता?

तो वर गेला. हेस्टर भिंतीला टेकून बसली होती. कृश, कांतिहीन, तरी हसरी.

"जेथ्रो काय म्हणतो?"

खरं ओठांवर आलं होतं. पण तिच्या पाठीशी ती भिंत, आणि त्या भिंतीचा तिला केवढा अभिमान! लाजेने त्याने ते मागे लोटलं.

"छप्पर काढायचं म्हणतो. धूळ पडेल. तुला खालच्या खोलीत नेतो."

"तिथे बर्फ असेल रे. आधी शेगडी तरी पेटव."

डॉक्टरने बजावलंच होतं: गारठा लागला तर हिचं काही खरं नाही. चार महिने खालच्या खोलीत जाळ नव्हता. अँब्रोज क्षणभर दारात घुटमळला. भिंत बारा वर्षं थांबलीय, अर्धा तास थांबेल, असं त्याने स्वतःला समजावलं आणि जिना उतरला. खरं सांगितलं असतं, तर ती आपल्या पायांनी उतरली असती.

लाकडं दमट होती. तो फुंकत राहिला. धूर डोळ्यांत गेला. मग ठिणगी, मग जाळ. त्याने पलंग ओढून जवळ आणला, चादर शेकली, उशी शेकली, पांघरुणाची घडी मोडली.

"झालं का रे?" वरून हाक आली.

"झालंच!"

मातीला आक्रोश येत नाही. एक दीर्घ, दमलेला, दबका सुस्कारा तेवढा ऐकू आला. मग तुळयांचा कडकडाट. अँब्रोज बोळातून धावला. जिना अर्ध्यावर संपला होता. वर खोली नव्हती, आकाश होतं.

टेकू घेऊन जेथ्रो आला, तेव्हा अँब्रोज नखांनी माती उपसत होता. दोघांनी मिळून तिला काढलं. श्वास संपला होता.

निजवायला घरात एकच अंथरूण उरलं होतं. तिला त्यांनी खालच्या खोलीत आणलं, शेकलेल्या चादरीवर ठेवलं. अँब्रोजने तिच्या केसांतली लाल माती पुसली, आणि तिच्या कानाशी वाकून तेव्हा कुठे खरं सांगितलं.

"भिंत जायला आली होती, हेस्टर. मला ठाऊक होतं."

जेथ्रो तोंड फिरवून उभा राहिला. अँब्रोजने उठून जाळात एक ओंडका घातला, मग आणखी एक. ज्वाळा उंचावली, तांबूस, तेजाळ, तृप्त. खोली आता हवी तशी उबदार झाली होती. आणि त्या उबेत, त्याच्या दोन्ही हातांत, तिचे हात गार होत गेले, गार होत गेले.