माझ्या नळीतला मफलर

भंगार कुणाला म्हणतोस रे? स्कूटर काढून गेलास म्हणून तुझं बोलणं संपलं असेल, माझं नाही संपलं. जाताना माझ्या डोक्यावर थाप मारलीस, जशी बाजारात म्हैस पसंत केलीस. म्हणालास, "ताई, हे भंगार आता मरेपर्यंत तापेल." तापेल की. पण मरणार कोण, ते विचारलंस का कुणाला?

मी कपडे वाळवायचा ड्रायर बोलतोय. पत्र्याची पेटी, पोटात फिरतं पिंप, एक तापणारी तार आणि एक पंखा. शाळा शिकलेलो नाही. ओले कपडे पोटात घ्यायचे, गरम हवा फिरवायची, आणि त्यातली सगळी वाफ मागच्या नळीनं भिंतीबाहेर हाकलायची, एवढंच येतं मला. हवा आत, हवा बाहेर. गुरांनासुद्धा कळेल. ह्या घरात ते एकाच माणसाला कळत होतं, आणि त्याची वाचा गेली.

सूनबाई, तुलाच सांगतोय. ज्याला झापायचं तो तुझा भाऊ गेला, नवरा कामाला गेला. राहिलीस तू, हातात ओल्या चादरींची बादली घेऊन. भावाला बोललो म्हणून राग येईल. येऊ दे.

कारखान्यात मला जोडलं तेव्हा एका माणसानं माझ्या पाठीत बोटाच्या पेराएवढा फ्यूज बसवला. मला वाटलं, हा काय उपयोगाचा? तापत नाही, फिरत नाही, फुकट बसून खातो. मग कळलं की माझ्या अख्ख्या अंगात अक्कल तेवढी त्यालाच. मी फाजील तापलो की तो आधी मरतो, आणि मरता मरता माझी तार थंड करतो. दुसऱ्याच्या घरासाठी जीव देतो बिचारा. तुमच्या घरात कुणी कुणासाठी चहाचा कप उचलत नाही.

मला आणलं तुझ्या सासऱ्यानं. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस, कापड बोटांनी ओळखायचा. दर वेळी माझ्या दारातली जाळी बाहेर काढायचा, तिच्यावर जमलेली लव सोलायचा आणि तिची गोळी करून खिशात टाकायचा. कपडे वाळले की लव निघतेच. ती तिथंच राहिली तर हवेची वाट अडते. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नाकात शेंबूड साचला की माणूस शिंकरतो, त्याला काय शिकवावं लागतं?

मग त्याचं अर्धं अंग गेलं. मोरी जवळ पडते म्हणून त्याची खाट ह्याच खोलीत आणली, माझ्यापासून हातभर अंतरावर. चादरी रोज भिजायला लागल्या. काम माझं वाढलं, आणि जाळी काढणारा हात खाटेवर पडला. तुझ्या नवऱ्याला जाळी कुठं असते तेही माहीत नाही. मोबाईलमध्ये काय कुठं आहे ते झोपेत विचार, सांगेल. तू काढायचीस, पण आठवण झाली तर. तुझ्या डोक्याला व्याप आहेत म्हणून तुला कमी बोलतो.

एवढ्यानं मी बिघडलो नसतो. नुसता खोकत चाललो असतो.

थंडी पडली. मी बंद असलो की नळीतून वारा उलटा आत यायचा आणि म्हाताऱ्याच्या पायांवर बसायचा. तुझ्या नवऱ्यानं हात लावून बघितलं आणि वारा माझ्यातून येतोय हे बरोबर ओळखलं. जन्मात एकदा काही बरोबर ओळखलं, आणि त्यावर केलं काय? खुंटीवरचा बापाचाच तपकिरी मफलर ओढला, घरामागं गेला, आणि नळीच्या तोंडात बोळा करून कोंबला. हाताला जे लागलं, ते घातलं. बापाच्या मायेपोटी केलं, मान्य आहे मला. बापाचे पाय गरम झाले, ह्याला समाधान झालं, आणि साहेब विसरले. थंडी गेली. मफलर तिथंच.

पोरगा मफलर घेऊन मागं गेला आणि वारा थांबला, हे म्हातारा खाटेवरून बघत होता.

त्यानंतर कपडे कसे निघायला लागले ते तुझ्या हातांना माहीत आहे. चटका बसावा इतके गरम, आणि तरी ओलसर. माझी पाठ तव्यासारखी तापायची. वाफेला बाहेर जायला जागा नाही, मी माझ्याच वाफेत उकडतोय. अशात एक दिवस फ्यूजनं जीव दिला. पिंप फिरतंय, पंखा घोंघावतोय, गरमीचा पत्ता नाही. तुझ्या नवऱ्यानं काय इलाज केला? लाथ घातली. लाथेनं तापलो नाही म्हणून बटण बंद करून पुन्हा चालू केलं. तेही जमलं नाही तेव्हा म्हणाला, कंपनीच चोर आहे.

खोलीभर चादरी लटकायला लागल्या. खुर्चीवर, दारावर, म्हाताऱ्याच्या डोक्यावर. अर्धवट वाळलेली चादर त्याच्या खाली जायची आणि त्याच्या पाठीची कातडी सोलवटायची. तू ती जखम पुसताना तोंड फिरवून रडलीस, मी बघितलंय. म्हणून तू नवऱ्याला म्हणालीस, "माझा भाऊ करेल." म्हणालीस ते किती तोऱ्यात.

तुझा भाऊ. एकदा मिक्सर दुरुस्त केला तेव्हापासून सगळं घर त्याला इंजिनियर म्हणतं, आणि तोही वळून ओ देतो. आला. मीटर लावलं. तार तपासली, शाबूत होती. फ्यूज मेलेला निघाला. इथपर्यंत ठीक, इथपर्यंत मीही मनात शाबास म्हटलं. नवा फ्यूज घातला आणि जेवून गेला. थोड्याच दिवसांत तोही मेला. पुन्हा आला, पुन्हा घातला, पुन्हा जेवला. तोही मेला. अरे शहाण्या, एकाच घरातले गडी पाठोपाठ मरायला लागले तर माणूस विचारतो ना, ह्या घरात चाललंय काय? तुला एकदाही वाटलं नाही, मागं जाऊन नळी बघावी? जाळी उपसावी? मला भिंतीपासून हातभर ओढून हवा बाहेर पडतेय का, हाताला लागतेय का, एवढं तरी बघावं? नाही. ह्याचं म्हणणं, फ्यूजच हलक्या मालाचे.

म्हाताऱ्यानं सांगायचा प्रयत्न केला. चांगला हात उचलून एकच शब्द काढतो कसाबसा, "मफलर." तुम्हाला तो नीट ऐकू येतो. तू कपड्यांच्या ट्रंकेतला दुसरा मफलर आणून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलास. त्यानं ओढून फेकला. पुन्हा "मफलर." तुझा नवरा म्हणाला, "बाबांचं डोकं चालत नाही आता. एवढ्या उकाड्यात मफलर." आणि तुझा भाऊ हसला. माझं पिंप रिकामं होतं म्हणून बरं, नाहीतर त्याचा शर्ट आत ओढला असता.

आणि आज ह्या इंजिनियरानं शेवटचा प्रताप केला. माझी पाठ उघडली, मेलेला फ्यूज उपटून कचऱ्यात टाकला, आणि त्याच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून बसवला. म्हणाला, आता उडायला काही राहिलंच नाही. खरं बोलला. मला थांबवणारं आता काही राहिलं नाही. पाठीत वर्षाची लव साचलीय, वाळक्या कापसासारखी. त्यात नळीही बंद. मी तापत जाणार, आणि मला स्वतःला थांबता येत नाही. तुम्ही पळाल. खाटेवरचा कुठं पळणार?

बटण तू दाबलंस. हे बघ, फिरायला लागलो. तू खूश आहेस, माझ्या दाराला हात लावून बघतेस, तापला म्हणतेस. नवऱ्याला फोन करून सांगणार आहेस की माझ्या भावानं केलं. कर. पण आधी मागं वळून बघ.

म्हाताऱ्यानं हात उचललाय. तू म्हणतेस, "काय बाबा, मफलर हवा?" आणि ट्रंकेकडे निघालीस. थांब. त्याचं बोट बघ. इतके दिवस तुम्ही त्याचं तोंड बघितलं, बोट कुणी बघितलंच नाही. गळ्याकडे आहे का ते? भिंतीकडे आहे. माझ्या मागं, जिथून नळी बाहेर जाते तिथं. सुईत दोरा ओवलेलं बोट आहे ते, उगाच हवेत फिरत नाही.

वास आला ना? इस्त्री विसरल्यावर येतो तसा? मग उभी काय राहिलीस. भावाला फोन लावू नकोस, नवऱ्याची वाट बघू नकोस. माझा प्लग भिंतीतून उपट. घरामागं जा आणि तो मफलर ओढून बाहेर काढ. आणून म्हाताऱ्याच्या हातात दे. आणि पाठीतली तार निघून तिथं फ्यूज बसेपर्यंत मला हात लावू नकोस.

आधी प्लग. उपट.