अवसेला लागू केलेलं प्रमाणपत्र

बारामतीच्या विजयसिंहांचा फोन आला तेव्हा मी शेळगावात आमच्या पॅकहाऊसमध्ये बसून पेरूचे फोटो शेतकरी गटाच्या साईटवर टाकत होते. खरेदीदार तिथंच मालावर बोली लावतात. विजयसिंह आमच्या गटाचे सगळ्यात मोठे खरेदीदार. गडी थट्टेखोर.

"निकिता मॅडम, तुमची साईट उघडाया गेलो तर मोबाईल म्हणतोय, हितं धोका हाय, मागं फिरा. फिरू का मागं?"

"नका फिरू. जरा थांबा," म्हणत मी माझ्या मोबाईलवर बघितलं. खरंच की! साईटच्या जागी मोठ्ठी लाल पाटी.

काय झालंय ते मला लगेच कळलं. वेबसाईटलाही ओळखपत्र लागतं. त्याला सुरक्षा प्रमाणपत्र म्हणतात, आणि त्याची मुदत संपली की मोबाईल त्या साईटवर विश्वास ठेवत नाही. आमचं नवं प्रमाणपत्र कधीच येऊन, साईट ज्यावर चालते त्या पॅकहाऊसमधल्या मशीनमध्ये पडलं होतं, पण ते लागू केलेलंच नव्हतं. का नव्हतं, ते ऐकाल तर डोक्याला हात लावाल.

मागे एकदा ऐन बोलीच्या वेळी हे मशीन आपोआप बंद होऊन चालू झालं होतं. तेव्हा गटाचे अध्यक्ष, म्हणजे माझे चुलत सासरे आबासाहेब, इतके खवळले की त्यांनी नियमच करून टाकला. मशीनला न विचारता कुणी हात लावायचा नाही, आणि मशीननेही स्वतःला हात लावायचा नाही! त्यामुळे नवं प्रमाणपत्र आपोआप यायचं, लागू करायला मात्र आबांची परवानगी लागायची. मी विचारलं की आबा म्हणायचे, "करू की. जरा चांगला दिवस बघू." मग गावची यात्रा आली. मग भावकीतलं लग्न. मग पितृपक्ष. चांगला दिवस काही उगवला नाही आणि मुदत संपली ती नेमकी अवसेला.

दुसरी कुठली वेळ असती तर मी दोन दिवस चिडचिड करून गप्प बसले असते. पण आज आमचा स्वतःचा माल होता. माझ्या सासूबाई कुशाबाई, त्यांना आम्ही आत्या म्हणतो, त्यांनी आयुष्यभर पेरू एकाच व्यापाऱ्याला घातला. यंदा पहिल्यांदा, केवळ माझ्या शब्दावर, सगळा प्लॉट साईटसाठी तोडला होता. पिकत आलेला पेरू क्रेटमध्ये भरून दारात उभा. तो काही चांगला दिवस बघत बसणार नव्हता. आज गेला नाही तर आत्या पुन्हा कधी माझ्यावर विसंबणार नव्हत्या, हे मला पक्कं माहीत होतं.

मी आबांना बोलावून घेतलं.

"आज?" आबांनी टोपी सारखी केली. "आज अवस हाय, सूनबाई. अवसंला बंद पाडलेलं मशीन परत चालू करत न्हाईत."

"आबा, बंद पाडायचंच न्हाय."

"मंग नवं कसं लागायचं? मोटार बदलायची तर आधी बंद करावी लागती का न्हाय? आन् आत लोकांच्या बोल्या चालू हायती."

ते मात्र खरं होतं. काही धाडसी खरेदीदार लाल पाटीला न जुमानता आत शिरले होते. त्यांच्या बोल्या मध्येच तुटल्या असत्या तर आबांनी मला आणि मशीनला एकाच दोरीने बांधलं असतं. एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. खिडकीतून बघितलं तर जुन्या व्यापाऱ्याचा टेम्पो. आत्यांनीच बोलावलेला. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

"आबा, उसाला पाणी धरताना दुसऱ्या सरीत पाणी न्यायचं तर तुमी पाट बंद करता का?"

"खुळी का काय! पाट कसा बंद करायचा? आधी पुढच्या सरीचं दार उघडायचं, मंग मागचं बुजवायचं."

"हितं बी तसंच. नवीन येतील त्यांना नवं प्रमाणपत्र. जुने आत हायत त्यांचं काम पुरं होईस्तोवर जुनंच दार उघडं. पाट चालूच."

आबांनी माझ्याकडं बघितलं, मशीनकडं बघितलं, शेवटी भिंतीवरच्या देवाच्या फोटोकडं बघितलं. "बंद न्हाय ना हुणार? शब्द दे."

दिला. खरं सांगते, चालू बोलीत हे मी कधीच केलेलं नव्हतं. पुस्तकी ज्ञान छातीठोक सांगायला सोपं असतं. आधी तपासणीचा हुकूम टाकला. सगळं ठीक, असं उत्तर आलं. मग नवं प्रमाणपत्र लागू करायचा हुकूम टाकला आणि बटण दाबलं. काहीच झालं नाही. मशीन जसं घुंई करत होतं तसंच करत राहिलं. बोल्यांचे आकडे हलत होते.

मोबाईलवर साईट पुन्हा उघडली. लाल पाटी गेली होती. पत्त्याशेजारी सुरक्षित असल्याची खूण आली होती.

"झालं?" आबा म्हणाले. "एवढंच? मंग हे आधीच का न्हाय केलंस?"

एरवी भांडले असते, पण इतकं हलकं वाटत होतं की हसूच आलं. विजयसिंहांना फोन लावला. "या आता, धोका टळला." ते आले, त्यांच्यामागून बाकीचेही आले, आणि दुपारच्या जेवणाआधी आत्यांचा पेरू शेवटच्या क्रेटपर्यंत बुक झाला.

सांगायला बाहेर गेले तर आबांकडून आत्यांना ते आधीच कळलेलं. त्या टेम्पोवाल्याला म्हणत होत्या, "जा बाबा. माल गेला आमचा."

"मंग पुढच्या तोडीला येऊ का, मावशी?"

"मला काय इचारतोस? आमच्या निकिताला इचार. आता तीच बघती."

मी आत जाऊन मशीनसमोर बसले आणि पोटभर रडले.