बाद उडी

तिने दोरीच्या आत पाऊल टाकलं, तशी चित्रांची माहिती सांगणारी मुलगी बोलता बोलता थांबली.

"बाई, जरा मागे व्हा. चित्राला हात नका लावू."

"हात कोण लावतंय? क्षितिज म्हणालात ना तुम्ही या रेघेला? फळी आहे ती. लांब उडीची. आणि ही बाई म्हणजे मी."

कोळशाच्या दहा-बारा फटकाऱ्यांत काढलेली, झेप घेणारी आकृती. चेहरा नाही. पायाखाली आडवी रेघ. चित्रकार त्या दिवशी फळीशेजारीच मांडी घालून बसला होता. पलीकडे पंच म्हणून उभा होता तिचा सख्खा भाऊ. त्याने लाल निशाण उचललं, उडी बाद झाली आणि तिची संघातली जागा गेली ती कायमची. त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून ती त्याच्या घराची पायरी चढली नव्हती. आई गेली तेव्हाही दोघं दोन टोकांना उभी होती. आज सकाळी मात्र तिने आपणहून फोन केला होता. "चित्र लागलंय. ये आणि डोळे फाडून बघ."

"बरं, फळी तर फळी," मुलगी नमतं घेत म्हणाली. "पण ती ओलांडतेय, एवढं तर खरं ना? अंगठा बघा, रेघेच्या पुढे आहे."

"कुठे?"

मुलीने लांबूनच पेन्सिलीने दाखवलं.

नखाएवढा. चेहरा टाळणाऱ्या माणसाने अंगठा मात्र नीट काढला होता. चपलेत तिचा अंगठा आक्रसला. फळीपुढची मऊ माती त्याला तेव्हाच लागली होती.

भाऊ जिना चढून आला तो धापा टाकतच. डोक्यावर एक काळा केस उरला नव्हता. त्याने चष्मा पुसला, वाकून बराच वेळ चित्र पाहिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"मागेच आहे गं पाय. माझंच चुकलं."

तिची कानशिलं तापली. एवढंच ऐकायला ती इतकी वर्षं धुमसत होती.

"नीट बघ."

"बघितलं. मागेच आहे."

"सख्ख्या बहिणीसाठी तेव्हा खोटं बोलला नाहीस, दादा," तिचा आवाज चिरकला, "आणि आता बोलतोस?"

त्याने चष्मा खिशात ठेवला.

"तेव्हा तू माझ्याशी बोलत होतीस," तो म्हणाला.