मास्तरांचा तळवा

मास्तरांचं शिलाईमशीन आणि मास्तरांचा उघडा पाय यांचं जन्मभराचं मेतकूट. चप्पल घालून पेडल मारणारा शिंपी त्यांच्या लेखी शिंपीच नव्हे. "मशीन काय म्हणतंय ते तळव्याला कळतं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. शेजारी बसून काजंबटणं करणाऱ्या त्यांच्या बायकोचे कान हे ऐकून किटले होते.

एका दुपारी तिला पेडलवर रक्त दिसलं. मास्तर आपले तालात कॉलर शिवतायत आणि टाचणी तळव्यात डोक्यापर्यंत रुतलेली! तिने बोट दाखवलं तेव्हा मास्तरांनी टाचणी उपटली आणि वर हसले.

"बघ, दुखलंसुद्धा नाही. चिवट कातडी आहे आपली."

तिने दुकानाला कुलूप ठोकलं आणि त्यांना डॉक्टरीणबाईंसमोर नेऊन बसवलं. बाईंनी पावलावर बोटं ठेवून नाडी शोधली. सापडेना.

"चालताना पोटऱ्या भरून येतात का?"

"छे!" मास्तर म्हणाले.

"मग रस्त्यात दर दुकानापुढे थांबता ते?" बायकोने विचारलं. "मला आपलं वाटायचं, दुसऱ्याची शिवण बघताय."



बाईंनी आडपडदा ठेवला नाही. इतक्या वर्षांच्या रक्तातल्या साखरेने मोठ्या रक्तवाहिन्या आतून अरुंद झाल्यात, पावलापर्यंत रक्त पोचत नाही. नसा बधिर झाल्यात, म्हणून दुखणं कळत नाही. आणि रक्ताशिवाय जखम भरायची नाही. "असंच चालू ठेवलंत तर आधी बोट जाईल, मग पाऊल. हृदयालाही हाच धोका आहे. लगेच भरती व्हा, वाहिनी उघडता येते का बघू."

घरी आल्यावर मास्तर बिथरले. "भरतीबिरती काही नाही! त्यांना कापाकापीच हवी असते. माझा तळवा मला कळतो."

बायकोने वाद घातला नाही. वाद घालून मास्तर वळणारे असते तर तिचं निम्मं आयुष्य सुखात गेलं असतं. तिने मेण लावून ताठ केलेला जाड दोरा घेतला.

"डोळे मिटा. दोरा टेकला की 'हं' म्हणा."

"हा काय पोरखेळ?"

"मिटा म्हणते ना!"

तिने मनगटाला दोरा टेकवला. "हं," मास्तर ऐटीत म्हणाले. मग तिने पाऊल मांडीवर घेतलं. अंगठा झाला, बाकीची बोटं झाली, जखम सोडून तळवा झाला. दोरा वाकेपर्यंत दाबला. तिला रडू फुटत होतं, पण हात तिने हलू दिला नाही. मास्तर डोळे मिटून, मान जराशी कलती करून वाट बघत होते.

"अगं, सुरू कर की," ते म्हणाले.

"केव्हाचं झालं."

मास्तरांनी डोळे उघडले. दोरा फिरून अंगठ्यावर टेकलेला होता. त्यांनी तो स्वतःच्या हातात घेतला, स्वतःच दाबून पाहिला, पुन्हा पाहिला. चेहरा पार उतरला. मग त्यांनी खाली पडलेला बायकोचा पदर उचलून तिच्या हातात दिला.

"पूस डोळे. आणि उद्या सकाळी बाईंकडे आपला नंबर पहिला लाव," मास्तर म्हणाले. "हा पाय मी असा जाऊ द्यायचो नाही."