दोघींच्या पाठीवरची सॅक

मी सॅक बोलतेय. मुलुंडमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात, दारामागच्या खुंटीवर मी लटकलेली असते. माझी चेन अर्धीच लागते, त्यामुळे बोलताना मध्येच अडखळले तर सांभाळून घ्या. आणि दार जरा हळू लावा. दार आपटलं की मी अजून दचकते.

माझा जन्म धारावीतल्या एका माळ्यावर झाला. काळं जाड कापड, दोन कप्पे, खांद्याच्या पट्ट्यांत मऊ फोम. तिथून मी घाटकोपर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर आले आणि एका संध्याकाळी सिद्धेशनं मला उचललं. त्यानं माझी चेन पुढेमागे केली, शिवण ताणून पाहिली आणि विचारलं, "पावसात टिकेल ना रे?"

विक्रेता हसला. "साहेब, आपुन दोघं जाऊ, ही ऱ्हाईल."

सिद्धेशही हसला आणि त्यानं मला पाठीवर टाकलं.

पाठीवर बसणाऱ्याची एक गंमत असते. माणूस पुढे बघत चालतो आणि आम्ही मागे बघत जातो. सिद्धेशच्या पाठीवरून मी अंधेरीतलं त्याचं ऑफिस रोज लहान होत जाताना पाहिलं. माणसं मागे वळून किती कमी बघतात, हे मला तेव्हाच कळलं.

मग एके दिवशी दुपारी सिद्धेश ऑफिसात खुर्चीवरून कोसळला तो उठलाच नाही. दोन सहकाऱ्यांनी मला घरी आणून दिलं. त्याच्या आईनं, शेवंतीबाईंनी, मला मांडीवर घेतलं आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. बायकोनं, अक्षतानं, माझ्यातला डबा काढला. त्यातली भाजी त्यानं अर्धीच खाल्ली होती. तिनं तो डबा घासला, पुसला, परत घासला. मग मला माळ्यावर टाकलं. गणपतीच्या मखराच्या आणि जुन्या पंख्याच्या मध्ये.

खाली आता दोघीच राहिल्या होत्या. मला वरून ऐकू यायचं.

"आई, गोळी घेतली?"

"घेतली."

"दूध तापवलंय."

"बरां."

एवढंच. भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. दोघींनाही धास्ती होती. शेवंतीबाईंना वाटायचं, ही तरुण आहे, कधीतरी निघून जाईल. अक्षताला वाटायचं, मला बघितलं की यांना मुलगा आठवतो. हे कोणी बोललं नाही, पण माळ्यावरच्या वस्तूंना घरातलं न बोललेलंही कळतं.

शेवंतीबाईंची साखर वाढली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. तेव्हा अक्षतानं मला खाली काढलं, झटकलं, पाण्याची बाटली आणि घावण्यांचा स्टीलचा डबा माझ्यात भरला. सासूनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. पण "नको" म्हणाल्या नाहीत.

आमच्या घरामागे डोंगर आहे. पायथ्याशी वनउद्यान. फाटकातून आत गेलं की एक गोल पायवाट वर चढते, जंगलातून मोठा वळसा घेते आणि परत त्याच फाटकाशी येते. दगडांवर पिवळा रंग मारलेला असतो, त्याच्या मागे मागे जायचं. सकाळी तिथे माणसांची वर्दळ असते. कोणी हातवारे करत हसण्याचा व्यायाम करतो, कोणी फोनवर जमिनीचे सौदे. आम्ही मात्र त्या रविवारी दुपार कलल्यावर गेलो. नोव्हेंबर होता. फाटकावरचा माणूस म्हणाला, "ताई, लवकर उतरा. आता अंधार पटकन पडतो."

चढ संपेपर्यंत सगळं ठीक होतं. शेवंतीबाई धापा टाकत, कमरेवर हात ठेवून चालत होत्या. माथ्यावर पोचलो तर पावसाळ्यात पडलेलं ऐनाचं एक मोठं झाड वाटेवर आडवं. अक्षता म्हणाली, "आई, बाजूनं जाऊ. पुढे वाट लागेलच."

वाट लागली नाही. पिवळा दगड दिसेना. कारवीची झुडपं दाट होत गेली, पायाखाली सागाची पानं कुरकुरायला लागली. आणि एका घसरणीवर शेवंतीबाईंचा पाय मुरगळला.

"आई गो!" त्या खाली बसल्या.

अक्षतानं फोन काढला. रेंज नव्हती. तिनं फोन उंच धरला, दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे. काही नाही. खाली झाडांच्या फटींतून मुलुंडच्या इमारतींचे दिवे लागताना दिसत होते. इतकं जवळ ते सगळं, पण हाक मारली तर कोणाला ऐकू जाणार नव्हती.

तेवढ्यात वानरं ओरडली. खेकसल्यासारखी, एकामागून एक. मग सगळं गप्प झालं. किडेसुद्धा.

अक्षता माझ्यासकट सासूकडे वाकली होती. तिचं तोंड उताराकडे, माझं चढाकडे. आणि मी पाहिलं. कारवीच्या मागे, जमिनीलगत, दोन कान. मग डोळे. मग ठिपक्यांचा एक लांब, सैल, अजिबात आवाज न करणारा देह. बिबट्या शेवंतीबाईंकडे बघत होता. बसलेल्या, लहान झालेल्या म्हातारीकडे.

मला ओरडायचं होतं. माझ्यात काय होतं ओरडायला? मी पट्ट्या आवळून धरल्या, एवढंच. अक्षताला वाटलं असेल, ओझं लागतंय. खांदा सैल करायला ती वळली, आणि तिलाही दिसला.

सासूला झाकत ती हळूच उभी राहिली.

"आई," ती कुजबुजली, "उभ्या राहा."

"पाय टेकना नाय गो."

"माझा हात धरा. उभ्या राहा आधी. खाली बसलं की माणूस जनावरासारखं दिसतं. पळायचं नाही."

शेवंतीबाईंनी तिच्या नजरेमागे नजर नेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. पण सुनेचा हात धरून त्या उठल्या, एका पायावर. अक्षतानं मला पाठीवरून काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. आपण मोठ्या दिसाव्यात म्हणून. आता मी समोरासमोर होते. त्याच्या आणि माझ्या मध्ये काहीच नव्हतं. माझ्यातला डबा खडखडत होता.

आणि शेवंतीबाई ओरडल्या. मालवणातल्या आपल्या अंगणात उभ्या असल्यासारख्या. "चल जा, मेल्या! माझ्यात काय गावतला तुका? हाडां नुसती! जा म्हणतंय ना!"

बिबट्यानं मान तिरकी केली. एक पंजा उचलला, तसाच ठेवला. मग वळला आणि झुडपात शिरला. पण गेला का, ते कळेना. जंगलात न दिसणं म्हणजे नसणं नव्हे.

"तू जा गो," शेवंतीबाई म्हणाल्या. "खाली जाऊन माणसां घेऊन ये. मी हय रवतंय."

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"तुझां वय हा. माझां काय रवलां आता?"

अक्षतानं मला छातीशी अडकवलं, पाठ वाकवली आणि म्हणाली, "चढा." सासूला तिनं पाठुंगळी घेतलं आणि उतरायला लागली.

आयुष्यात पहिल्यांदा मी पुढे बघत होते. त्याचीच जास्त भीती वाटत होती. मागे पानं वाजत होती. आम्ही थांबलो की थांबायची, चाललो की वाजायची. मला वळून बघता येत नव्हतं. शेवंतीबाई मात्र शांत होत्या. इतक्या शांत, की अक्षताला शंका आली.

"आई, काय झालं?"

"काय नाय. चल तू. मी मागे आसंय ना. तो इलोच तर आधी मीच गावतलंय तेका."

अक्षता जागच्या जागी थांबली. तिनं त्यांना खाली उतरवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि आवाज मात्र चिडलेला होता. "म्हणून चढलात होय पाठीवर? मला सोडून जायचा विचार करताय? एकानं सोडलं ते पुरे नाही का? मी घरी कोणाला विचारू, गोळी घेतली का म्हणून?"

शेवंतीबाईंनी पदरानं तिचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "माका वाटलां, तूच जाशीत."

"कुठे जाऊ मी, आई?"

मागे फांदी मोडली. बोलायला वेळ नव्हता. अक्षतानं मला शेवंतीबाईंच्या पाठीवर चढवलं, पट्ट्या घट्ट ओढल्या. झडप पडलीच तर आधी माझ्यावर पडावी म्हणून. मला ते समजलं. माझं कापड गार पडलं, पण मी हलले नाही. दोघी खांद्याला खांदा लावून चालायला लागल्या, एकमेकींच्या कमरेत हात घालून, मोठमोठ्यानं बोलत. काय बोलत होत्या? सिद्धेशबद्दल. तो लहानपणी भात कसा सांडायचा, लग्नात त्याचे बूट कसे चावले. तो गेल्यापासून दोन वर्षांत जे निघालं नव्हतं ते भीतीनं बाहेर काढलं. दोघी रडत होत्या आणि ओरडत होत्या. मी मागे बघत होते. अंधारात दोनदा ते डोळे चमकले. मग काटेरी झुडपात माझी चेन अडकून शिवण टरकन उसवली तेव्हा मला वाटलं, संपलं.

मग खालून बॅटरीचा उजेड आला. फाटकावरचा माणूस आणि आणखी दोघं आम्हाला शोधत वर आले होते. शेवंतीबाई त्यांना म्हणाल्या, "आधी माझ्या सुनेक पाणी द्या."

तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. शेवंतीबाईंनी माझी शिवण दुरुस्त केली, टाके वाकडे पडलेत. घर आता बोलतं. कधीकधी तर दोघी इतक्या भांडतात की शेजारच्या बेव्हर्लीबाई दार वाजवून विचारतात, सगळं ठीक ना? मला ते भांडण आवडतं. तरी वाऱ्यानं खिडकीतली पिशवी कुरकुरली की माझ्या अंगावर काटा येतो.

आज दोघी परत डोंगरावर जायचं ठरवतायत. सकाळच्या वेळी, चार माणसांबरोबर. अक्षता म्हणाली, "नवी सॅक घेऊ या का, आई? ही फाटलीय."

शेवंतीबाई खुंटीपाशी आल्यात. त्या माझ्याकडे बघतायत.

बाई, मला भीती वाटते, हे खरं आहे. तुम्हालाही वाटते. रात्री उठून दाराची कडी परत परत तपासताना मी तुम्हाला पाहिलंय. पण मला इथे एकटीला ठेवून जाऊ नका. घ्या मला पाठीवर.